उन्हातल्या कुड्या

हंगामातला शेवटचा कंटेनर पिंपळगावच्या पॅकहाउसमधून मुंबईच्या वाटेला लागला, त्याच दुपारी वत्सलाबाई ढोमसेंनी विषय काढला. २००४ सालचा उन्हाळा. हॉलंडला आधी गेलेला माल तपासणीत बिनतक्रार पास झाल्याचा फोन सकाळीच येऊन गेला होता. हिरामण ढोमसे ओसरीत पाय पसरून ताक पीत बसले होते. माणूस खुशीत होता. मागायचं ते आत्ताच, एवढं वत्सलाबाईंना पंचवीस-तीस वर्षांच्या संसारानं शिकवलं होतं.

“अहो, यंदा मला कुड्या घ्यायच्यात. हिऱ्याच्या.”

“कुड्या हायेत की तुला. सोन्यातल्या, मोत्याच्या.”

“त्या माझ्या कुठं? त्या बागेच्या हायेत.”

हिरामणांनी पेला पुन्हा तोंडाला लावला. तिचं खोटं नव्हतं. द्राक्षाच्या मांडवाला लोखंडी अँगल लागले तेव्हा वत्सलाबाईंच्या पाटल्या बँकेत गेल्या होत्या. ठिबक आलं तेव्हा बोरमाळ गेली. शीतगृहाच्या वेळी तर कानातलंसुद्धा उतरलं. प्रत्येक वेळी दागिना वेळेवर सुटून घरी आला, ढोमसेंनी कधी शब्द खाली पडू दिला नाही. पण अंगावर घातलेलं सोनं उद्या कुठल्या कामाला जाईल, हा हिशेब बाईच्या मनातून कधी सुटला नव्हता. आरशात पाहताना तिला पाटल्या दिसत नसत, अँगल दिसत.

“हिरा म्हणे कुणी गहाण ठेवून घेत नाही,” त्या म्हणाल्या. “मोडायला गेलं तर निम्मी किंमत येत नाही. सगळे म्हणतात, घाट्याचा सौदा. मला तसलीच वस्तू पाहिजे. जी कुणाच्या कामाची नाय, फक्त माझ्या कानातली हाय.”

हिरामणांना ताकाचा ठसका लागला. हसू आवरल्यावर त्यांनी पेला खाली ठेवला. “घे बाई. या घरात न मोडणारी एक तरी वस्तू येऊ दे.”

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी वत्सलाबाई सुनेला घेऊन नाशिकला गेल्या. सून मीना नाशिकातच वाढलेली, शिकलेली. तिनं सांगितलेल्या दुकानातच त्या गेल्या. दुकान नवं होतं, तीन मजली, आत गारेगार. छतात इतके बारीक दिवे बसवले होते की दिवसाढवळ्या चांदणं पडल्यासारखं वाटावं. दिनेशशेठ म्हणून तिथले व्यवस्थापक होते, गोड बोलणारे, घाई न करणारे. त्यांनी काळ्या मखमलीवर कुड्यांचे जोड मांडले. मधोमध एक हिरा आणि भोवती सहा, असं सात खड्यांचं फूल, दोन्ही कानांना मिळून चौदा. वत्सलाबाईंनी एक जोड उचलला, आरशापुढे कानाशी धरला आणि तो त्यांना खाली ठेववेना. उजेडाचे कण गालावर नाचत होते.

“उन्हात नेऊन बघू का जरा?” त्यांनी विचारलं.

“मावशी, माल दाराबाहेर नेता येत नाही, नियम आहे,” दिनेशशेठ हसून म्हणाले. “आणि इथल्यापेक्षा चांगला उजेड बाहेर कुठे मिळणार?”

वत्सलाबाईंच्या मनात आलं, पॅकहाउसच्या ट्यूबलाइटखाली सगळेच घड सारखे दिसतात, म्हणून तर आपण शंका आली की पेटी उचलून अंगणात नेतो. पण सोनाराच्या दुकानात कसं बोलायचं, असं म्हणून त्या गप्प बसल्या. पावती झाली, खऱ्या हिऱ्याचं कार्ड मिळालं. कुड्या कानात घालूनच त्या जीपमध्ये बसल्या.

ओझर मागे पडल्यावर ऊन तिरपं आत आलं. वत्सलाबाईंनी ड्रायव्हरच्या बाजूचा आरसा आपल्याकडे वळवायला लावला. उजवी कुडी लखलखत होती. डावी मात्र जरा मंद वाटली. डोळ्यांचा भ्रम असेल म्हणून त्यांनी मान दोनदा इकडे-तिकडे फिरवून पाहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बागेत त्यांनी मीनाला उन्हात उभं करून विचारलं, “खरं सांग गं. डाव्या कुडीवर भुरी आल्यागत दिसती का नाय?”

भुरी म्हणजे द्राक्षावरचा रोग. मणी चांगला टपोरा असतो, पण त्यावर राखेसारखा पांढुरका थर धरतो आणि सगळा घड मळकट वाटायला लागतो. मीनानं डोळे बारीक करून पाहिलं. “थोडं धुरकट वाटतंय खरं, आई. हात लागला असेल तुमचा.” कुड्या साबणाच्या कोमट पाण्यात बुडवल्या, मऊ ब्रशनं घासल्या, कोरड्या केल्या. घरात आणल्या की दोन्ही सारख्या, उन्हात नेल्या की डावीवर पुन्हा भुरी. वत्सलाबाईंच्या मनाला बारीक कुसळ टोचून राहिलं.

पुढच्या महिन्यात जाऊबाई सगुणाबाईंच्या लेकीचं लग्न होतं. तोवर कुड्या बँकेच्या लॉकरात ठेवू म्हणून त्या पिंपळगावच्या बँकेत गेल्या. कॅशियरबाई ओळखीच्या. “बघू तरी नवा दागिना,” त्या म्हणाल्या. वत्सलाबाईंनी डबी उघडून काउंटरवर सरकवली. शेजारीच नोटा तपासायचा जांभळट दिवा जळत होता. डबी त्याच्या उजेडात गेली, आणि डाव्या कुडीतले तीन खडे गॅसच्या शेगडीसारखे निळे पेटले. बाकीचे अंधारात तसेच. फुलाच्या पाकळ्या कुणीतरी अर्ध्या रंगवून सोडून द्याव्यात तसं ते दिसलं.

“अगं बाई! हे काय?” कॅशियरबाईंचा हात तोंडावर गेला.

रांगेतला एक जण मान पुढे काढून पाहत होता. तो म्हणाला, “साधी गोष्ट आहे. खऱ्या नोटेचा कागद या दिव्यात चमकत नाही. कागद पांढरा फटक चमकला की नोट खोटी. तसंच आहे हे. काच आहे, काच!”

रांग हसली. कुणी वाईट मनानं हसलं नसेल, पण वत्सलाबाईंच्या कानात तो हशा तापल्या तेलासारखा गेला. त्यांनी डबी मिटली आणि लॉकर न उघडताच त्या घरी परतल्या.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत गोष्ट गावभर फिरून आली होती. ढोमसेबाईंना नाशिकच्या सोनारानं काच विकली. हॉलंडला द्राक्षं पाठवणारी बाई, तिला काचेचे खडे ओळखता आले नाहीत. सगुणाबाई मुद्दाम चहाला आल्या. “जाऊ द्या बाई, मनाला लावून घेऊ नका,” असं त्या इतक्या वेळा म्हणाल्या, की मनाला लावून घेण्यावाचून इलाज उरला नाही.

हिरामणांनी आपल्या परीनं समजूत घातली. “परत दे त्याला. नाहीतर मोड धरून सोनं घे. सोन्यात फसगत नाय.”

सोनं! वत्सलाबाईंना एकदम रडू फुटलं. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी काही मागितलं, आणि ते फिरून पुन्हा बागेच्या तिजोरीत जायला निघालं होतं. त्यांनी पदरानं डोळे पुसले. “सोनं नको,” त्या म्हणाल्या. “आधी मला कळू दे, ही काच हाय का काय हाय. न कळता परत देणार नाय.”

मीनाला तेव्हा तृप्तीची आठवण झाली. तृप्ती विसपुते, तिची कॉलेजातली मैत्रीण. सोनाराच्या घरातली मुलगी, पण गल्ल्यावर न बसता मुंबईला जाऊन हिऱ्यांच्या पारखीचं शिक्षण घेऊन आलेली. सराफ बाजारात एका जिन्यावरच्या खोलीत ती खडे तपासून देई. दोघी सासू-सुना दुसऱ्याच दिवशी तिच्याकडे गेल्या.

खोली लहानशी, एक खिडकी, टेबलावर भिंग आणि एक पेनासारखं यंत्र. तृप्तीनं कुड्या आधी भिंगाखाली पाहिल्या. मग त्या यंत्राचं टोक एकेका खड्याला टेकवलं. प्रत्येक वेळी यंत्र टिक् करून वाजलं.

“हिरा ऊब झटकन ओढून घेतो, काच नाही ओढत. त्यावरून हे यंत्र ओळखतं,” ती म्हणाली. “काकू, चौदाच्या चौदा खरे हिरे आहेत.”

“ते निळे झालेले पण?”

“ते पण. खाणीतून येताना कित्येक हिऱ्यांना हा गुण असतो. डोळ्यांना न दिसणारा एक किरण असतो, तो बँकेच्या दिव्यात असतो आणि उन्हातही असतो. तो पडला की असा हिरा आतून निळा उजळतो. दिवा बंद केला की पुन्हा पहिल्यासारखा. इंग्रजीत त्याला फ्लुरोसन्स म्हणतात. त्याचा खऱ्या-खोट्याशी काही संबंध नाही.”

वत्सलाबाईंचा जीव भांड्यात पडला. पण त्या उठल्या नाहीत. “मग माझी डावी कुडी उन्हात धुरकट का दिसती?”

तृप्तीनं मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. “तुम्हाला दिसलं ते?”

“पहिल्याच दिवशी.”

तृप्तीनं कुडी खिडकीत उन्हात धरली, बराच वेळ पाहिली. “बरोबर आहे तुमचं. हे तीन हिरे त्या किरणात फार जोरात चमकणारे आहेत. जोरात चमकणारा प्रत्येक हिरा असा होत नाही, थोड्यांचंच होतं. पण ज्याचं होतं तो उन्हात दुधाळ दिसतो. नेमके तसले तीन तुमच्या वाट्याला आले. दुकानातल्या दिव्यांत तो किरण जवळजवळ नसतो, म्हणून तिथे कुणाला काही दिसलं नाही.”

“म्हणजे हा गुण वाईटच.”

“थांबा.” तृप्तीनं खणातून एक कागदाची घडी काढली. त्यात एकच खडा होता. तिनं तो टेबलावरच्या दिव्याखाली पांढऱ्या कागदावर ठेवला. “रंग कसा वाटतो?”

“जरा पिवळट.”

“आता बघा.” तिनं कागद उचलून खिडकीत नेला. ऊन पडताच खडा निवळला. पिवळेपणा कुठल्या कुठे गेला, स्वच्छ पांढरा, टवटवीत. तृप्तीनं मग खिडकीचा पडदा ओढला आणि एक छोटा जांभळा दिवा लावला. खडा निळा उजळला, पण हळुवार. पणतीची वात खाली करावी तेवढाच.

“हा मध्यम चमकणारा. अंगाने थोडा पिवळा, पण उन्हात त्याची निळाई त्या पिवळ्याला मारते, म्हणून डोळ्यांना पांढरा दिसतो.”

वत्सलाबाई एकदम टाळी वाजवून हसल्या. “अगं, नीळ! धोतर पिवळं पडलं की आपण निळीच्या पाण्यात काढतो, तसं! आणि नीळ जास्त झाली की कापडाचं वाटोळं. माझ्या त्या तिघांना नीळ जास्त झाली हाय.”

आता तृप्तीही हसली. “असं मला कुणी सांगितलं असतं तर परीक्षेआधीच्या किती रात्री वाचल्या असत्या, काकू.”

“मग घ्यावेत कोणते? चमकणारे, का न चमकणारे?”

“बाजारात न चमकणाऱ्या पांढऱ्या हिऱ्याला भाव जास्त. चमकणारा म्हटलं की लोक दचकतात, म्हणून तो स्वस्त मिळतो. ज्याला दागिना संध्याकाळी समारंभात दिव्याखाली घालायचा, त्यानं दिव्याखाली बघून घ्यावा. पण तुम्ही सांगा, तुमचा दिवस कुठे जातो?”

“माझा?” वत्सलाबाईंना प्रश्नाचंच नवल वाटलं. “माझा दिवस उन्हात जातो. सगळा.”

हातातला रुमाल त्यांनी घडी करून कमरेला खोचला, जसा छाटणीच्या दिवशी मजुरांच्या पुढे उभं राहताना खोचत. “चल, पोरी. तुझा तो दिवा घे बरोबर.”

दुकानात दिनेशशेठनी त्यांना ओळखलं. तक्रार ऐकून घेतली, पण गोड आवाज जरा कोरडा झाला. “मावशी, हिरे खरे आहेत, तृप्तीताईही तेच सांगतायत. तरी तुमच्या समाधानासाठी परत घेतो आम्ही. थोडी घट लागेल.”

“परत द्यायच्या नायत. बदलायच्यात,” वत्सलाबाई म्हणाल्या. “आणि खडे मी निवडणार. उन्हात.”

“बाहेर माल नेता येत नाही, मी मागेच...”

“गच्ची तुमच्या दुकानाचीच हाय ना? मग माल दुकानातच राहतो की.”

काउंटरपलीकडची दोन गिऱ्हाइकं वळून पाहू लागली. दिनेशशेठनी त्यांच्याकडे पाहिलं, वत्सलाबाईंकडे पाहिलं, आणि हातातल्या किल्ल्या उचलल्या.

गच्चीवर भर दुपारचं ऊन कोसळत होतं. खाली सराफ बाजाराची पत्र्याची छपरं तापून थरथरत होती, पलीकडे गोदावरीच्या काठावरची देवळांची शिखरं. वत्सलाबाईंनी कुड्या दिनेशशेठच्या तळहातावर ठेवल्या. “बघा तुम्हीच. मी काय सांगत नाय.”

त्यांनी एक पाहिली, दुसरी पाहिली. हात पुढे-मागे केला. कपाळावर घाम जमला तो पुसायचंही त्यांना सुचलं नाही. वत्सलाबाई त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिल्या. आता हा माणूस काय बोलतो, यावर त्यांचं मन त्याच्याविषयी ठरणार होतं.

“डावी धुरकट आहे,” ते अखेर म्हणाले. “स्पष्ट दिसतंय. मावशी, खोटं नाही सांगत, सुरतेहून पाकिटं येतात, आम्ही खाली दिव्याखाली जोड लावतो. गच्चीवर कधी कुणी आलंच नाही.” मग जिन्यात वाकून त्यांनी हाक दिली, “सुट्या हिऱ्यांची पाकिटं वर आणा रे. सगळी.”

त्यानंतर जे झालं ते त्या बाजारानं कधी पाहिलं नव्हतं. मीनानं छत्री धरली ती सासूच्या डोक्यावर, खड्यांवर नव्हे. पांढरा कागद पसरला. वत्सलाबाई मांडी घालून बसल्या आणि चिमट्यानं एकेक खडा पुढे ओढू लागल्या. पॅकहाउसात बायका जशा घडातून नको ते मणी कात्रीनं काढतात, त्याच चालीनं. उन्हात ज्यावर सायीसारखं काही दिसलं, ते डावीकडे. स्वच्छ ते उजवीकडे. मग उजवीकडच्यांची दुसरी परीक्षा. जांभळ्या दिव्याला अंधार हवा, आणि गच्चीवर अंधार कुठून आणणार? वत्सलाबाईंनी जाड पदर डोक्यावरून पुढे ओढला, तृप्तीलाही आत घेतलं, आणि कागदावर तंबू केला. आत दिवा लागला.

“हा नाय उजळत. हा लय उजळतो. हा... हा बरा, पणतीगत.” पदराच्या आतून आवाज येत होता. “हा पण घे. हा त्याचा भाऊ दिसतो.”

दिनेशशेठ बाहेर अवघडून उभे होते. मग त्यांनाही राहवेना. “मावशी, मी बघू का एकदा?” ते म्हणाले, आणि ढोमसेबाईंच्या पदराखाली डोकं घालून त्यांनी आपल्याच दुकानातले हिरे पाहिले. बाहेर आले तेव्हा केस विस्कटलेले आणि चेहरा लहान पोरासारखा झाला होता. “एवढी वर्षं विकतोय,” ते पुटपुटले, आणि खाली जाऊन स्वतः लिंबू सरबत घेऊन आले.

निवड लवकर सरली नाही. गच्चीचा कोबा तापला, मीनानं हात बदलून बदलून छत्री धरली. दोनदा वाटलं चौदा जमले, आणि दोनदा वत्सलाबाईंनी एखादा बाजूला सारला, कारण शेजाऱ्यांपेक्षा तो जरा जास्त निळा होता. शेवटी जमले तेव्हा दिनेशशेठनी हात जोडून सांगितलं, “एक आधीच बोलतो, मागून बोल नको. हे खडे रंगाने थोडे पिवळे आहेत. खाली दिव्यात तुम्हाला ते जाणवेल. हौशी गिऱ्हाइकं याला नाही म्हणतात, म्हणून याचा दरही कमी.”

“खाली दिव्यात मी राहत नाय,” वत्सलाबाई म्हणाल्या. “आणि दर कमी असंल तर तेवढ्याच पैशात मोठे खडे बसवा. हेच, असेच, पण याहून थोरले. पाकीट असंल ना तसलं?”

तृप्तीनं तोंड फिरवून हसू लपवलं. पाकीट होतं. पुन्हा तंबू झाला, पुन्हा निवड झाली, आणि या खेपेला वत्सलाबाईंचा हात इतका बसला होता की तृप्तीला बोलावंही लागलं नाही. ती नुसती दिवा धरून बसली.

सगुणाबाईंच्या लेकीचं लग्न निफाड रस्त्यावरच्या एका लॉनवर होतं, मुहूर्त दुपारचा. वत्सलाबाई जीपमधून उतरल्या तेव्हा मांडवाच्या तोंडाशी बायकांचा घोळका होता. हिरवी पैठणी, केसांत एक फूल, आणि कानात त्या कुड्या. ऊन डोक्यावर होतं. आधी एकीनं पाहिलं, मग तिनं दुसरीला कोपर मारलं, आणि बघता बघता सगळा घोळका वळला. दोन्ही कानांवर दोन शुभ्र फुलं पेटली होती. एक जास्त नाही, एक कमी नाही.

सगुणाबाई पुढे आल्या. लेकीच्या लग्नाची गडबड, तरी त्यांना राहवलं नाही. “बदलून घेतल्या वाटतं? बरं झालं बाई, काचेच्या परत केल्या ते.”

एरवी वत्सलाबाईंनी हसून विषय टाळला असता. घरचं कार्य, चारचौघांत कशाला. पण आज त्यांना टाळायचं नव्हतं, आणि रागही नव्हता. तो त्या गच्चीवरच कधीतरी वितळून गेला होता.

“काचेच्या नव्हत्याच गं त्या. पहिल्याही खऱ्या, ह्याही खऱ्या,” त्या मोठ्यानं म्हणाल्या, मागच्यांनाही ऐकू जावं असं. “आणि ह्या पण चमकतात बरं का निळ्या दिव्यात. तीनच नाय, चौदाच्या चौदा. मी मुद्दाम निवडून घेतल्यात तसल्या.”

“मुद्दाम?”

“मुद्दाम. इकडं ये, सांगते.”

मग उन्हात उभं राहून त्यांनी सांगितलं. नीळ सांगितली, धोतर सांगितलं, जास्त झालेली नीळ सांगितली. भुरी तर तिथल्या प्रत्येकीला ठाऊकच होती. पदराच्या तंबूत शिरलेल्या शेठची गोष्ट आली तेव्हा बायका एकमेकींच्या अंगावर पडून हसल्या. एक म्हातारी पुढे सरसावली, वत्सलाबाईंची हनुवटी धरून तिनं त्यांचं तोंड सूर्याकडे वळवलं आणि दोन्ही कान नीट तपासले, जणू बाजारात गाय घ्यायला आली होती. “नाय गं, अस्सल हाय,” तिनं निकाल दिला. घोळक्यातल्या दोघी-तिघी मग आपापल्या अंगठ्या, नथी उन्हात धरून पाहू लागल्या, आणि “माझी बघा ना जरा” म्हणून वत्सलाबाईंच्या भोवती गर्दी झाली.

सगुणाबाई सगळ्यात शेवटी बोलल्या, हळू आवाजात. “बाई, कार्य पार पडलं की मलाही एक अंगठी बघायची. याल का बरोबर?”

वत्सलाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. गावभर ती बातमी कुणी नेली होती ते त्यांना माहीत होतं, सगुणाबाईंनाही ते माहीत होतं. “येते की,” त्या म्हणाल्या. “पण तू स्वतः निवडायचीस. मी नुसता पदर धरीन.”

वाजंत्री सुरू झाली. पलीकडे पुरुषांच्या घोळक्यात हिरामण हात हलवून काहीतरी समजावत होते. वाऱ्यावरून शब्द आले, “फुलोरसन म्हणत्यात त्याला. फुलोरसन! आमच्या हिनं शोधलं, सोनाराला दाखवलं.” शोधलं तर त्यांनी नव्हतंच, पण वत्सलाबाईंनी दुरुस्त केलं नाही. नवऱ्याच्या तोंडून आपलं कौतुक असं चारचौघांत त्यांनी क्वचितच ऐकलं होतं, आणि अँगलचा, ठिबकचा त्यात शब्दही नव्हता.

फोटोवाला धावत आला. “मावशी, घरच्या मंडळींचा फोटो घ्यायचाय. मांडवात या सगळे, इथे डोळ्यांवर ऊन येतंय.”

“इथंच काढ,” वत्सलाबाई म्हणाल्या.

“अहो, डोळे मिटतील सगळ्यांचे.”

“मिटू देत. ते नाय बघायचं कुणी.”

सगुणाबाई हसत हसत एका बाजूला उभ्या राहिल्या, मीना दुसऱ्या बाजूला. हिरामणांना सावलीतून ओढून आणावं लागलं, टोपी सरळ करत, डोळे किलकिले करत ते मागे येऊन उभे राहिले. वत्सलाबाईंनी मान ताठ केली, केस कानांमागे सारले, आणि सूर्याकडे सरळ तोंड केलं.